खळ्याच्या कड्यावरची रिकामी जागा

सकाळी कड्याच्या काठावर ऊन पाठीशी घेऊन उभे राहिले आणि दरी ढगाने भरलेली असली, की ढगावर आपली सावली पडते. तिच्या डोक्याभोवती रंगीत खळे उमटते, चंद्राला पडते तसे. कोकणातली दमट हवा कड्याला धडकून वर चढते, चढता चढता गार होते आणि तिचा ढग होतो. वारा मंद असला तर तो काठाखालीच तुंबून राहतो. एवढे शाळेतही शिकवतात. पुढचे गावचे म्हातारे गुरव केरबा सांगतात, पण आधी पाहुण्यांना मोबाईल खिशात ठेवायला लावतात.

फार पूर्वी म्हणे इथे न्याय होई. ज्याच्यावर आळ, त्याला काठावर उभे करायचे. शेजारी फक्त देवीचा गुरव, बाकी गाव लांब देवळापाशी. आरोपीच्या सावलीला खळे दिसले तर तो निर्दोष, नाही तर कडेलोट.

त्या काळचा गुरव सिदबा आपला-परका न पाहणारा माणूस. खळे त्याला दर वेळी स्वतःच्याच सावलीला दिसे. देवीचा सेवक म्हटल्यावर त्यात त्याला नवल वाटले नाही. काठावरचा प्रत्येक जण मात्र ओरडे, "खळं माज्याभवती हाये!" मरणाच्या दारात माणूस खोटे बोलणारच, असे सिदबा धरून चाले. त्याचा थोरला भाऊ मल्हारी हेच ओरडत खाली गेला होता. सिदबाने टिपूसही काढला नाही, याचे गावाला केवढे कौतुक!

मग देवीची नथ चोरल्याचा आळ येसूवर आला. तीही तेच ओरडली. सिदबा निवाडा द्यायला हात वर करतो, तोच तिचा नवरा गेनू लोकांना ढकलत धावत आला. त्याने तिला कवटाळले, खाली पाहिले आणि थिजलाच.

"आरं, खळं तर माज्याभवती हाये!"

सिदबा भडकला. साक्षीला त्याने पाटलांना पुढे बोलावले. पाटील काठावर आले आणि पांढरेफटक पडले.

"गुरव, तुमच्याभवती काय बी न्हाई. माज्याभवती हाये."

मग एकेक करून सारा गाव काठाशी आला. जो येई, त्याला खळे आपल्याच डोक्याभोवती दिसे. नथ कुणी नेली हे पुन्हा कुणी विचारलेच नाही.

सिदबाला आता उमगले. मल्हारी खरे बोलत होता. सगळेच खरे बोलत होते. सिदबा काठावर पालथा पडून ढगात हाका मारत राहिला, "दादा! दादा!"

त्या दिवसापासून इथला न्याय बंद झाला, असे सांगतात.

आजही खळ्याच्या कड्यावर आपले खळे दिसले असे कुणी म्हणत नाही. शेजारच्याकडे पाहून म्हणायचे, "तुमच्याभवती हाये." केरबा मात्र काठावर एका माणसाची जागा सोडून उभे राहतात. ढग भरून आला, की हात जोडून त्या रिकाम्या जागेकडे वळतात.

"दादा," ते म्हणतात, "तुज्याभवती हाये."