आवडीची खाच

पाहुणे, पूल ओलांडताना तुम्ही गप्पा मारत होतात आणि शेजारच्या बाईनं डोळे वटारले, म्हणालात ना? राग धरू नका. आंबेखोलच्या या खाडीवर बोलायचं नाही, असा इकडचा रिवाज आहे. पुलाखाली ते दोन काळे खडक बघा, एकमेकांकडे झुकलेले. त्यांच्यामधल्या फटीला आवडीची खाच म्हणतात. रिवाज तिथूनच निघाला, असं सांगतात.

पूल नव्हता तेव्हा इथे तर, म्हणजे उतारूंना पलीकडे नेणारी होडी, चालायची. होडी धाकलू भोयाची. पलीकडे उतारू आला की तोंडाशी हात धरून हाळी घालायचा, "तरवाल्या होऽऽ!" आणि धाकलू इकडून ओ द्यायचा.

एका वर्षी पुराबरोबर खाडीत मगर आली. मगरी इथल्या माणसांना नव्या नव्हत्या, पण ही निराळीच. पहिल्यांदा दिसली तेव्हा लोकांना वाटलं, रानातून वाहून आलेला ओंडका आहे. पाठीवर बगळे रांगेनं बसलेले. मग ओंडक्यानं डोळा उघडला. होडीहून लांब होती म्हणे. पाण्यात डुंबणारी म्हैस तिनं खाली ओढली, तर वर नुसते बुडबुडे आले. हळूहळू गावाच्या ध्यानात आलं की माणसाचा आवाज झाला की ती येते.

धाकलूला ते पटेना. एका सकाळी पलीकडून हाळी आली. तो होडीत उभा राहिला, ओ दिली. त्याची बायको आवडी काठावर जाळं वाळत घालत होती. ओ ऐकून तिनं मान वळवली, तोवर होडी रिकामी झाली होती. वल्हं पाण्यावर गोल फिरत होतं.

त्यानंतर वल्ह्याला हात लावायला कोणी तयार होईना. पण बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे, लेकी दिल्या त्याही पलीकडे. शेवटी आवडीच होडीत चढली. म्हणाली, "होडीत बसलात की तोंड मिटायचं. हाळी घालायची नाही, लाल फडका हलवायचा."

तशी तर पुन्हा सुरू झाली. आवडी वल्हं पाण्यात असं घाली की थेंब वाजू नये. तरी मगरीला कळायचं. मधेच होडी खालून थोडी उचलली जायची आणि पुन्हा खाली बसायची. उतारू एकमेकांकडे बघायचे. विचारणार कोण? आवडीच्या पाठीवरून घाम उतरायचा, पण हात थांबायचा नाही.

मग पलीकडच्या गावात पटकी आली. घरंच्या घरं ओस पडू लागली. आवडीची लेक ठकू तिथे दिलेली, नुकतीच बाळंत झालेली. सासूनं तिला सांगितलं, "पोराला घेऊन आईकडं जा. हितं ऱ्हाऊ नको." दुपारी काठावर लाल फडका हलला.

ठकू पदराखाली पोराला धरून होडीत बसली. पाणी ओहोटीला लागलं होतं. होडी मध्यावर आली आणि पोर जागं झालं. ठकूनं त्याला छातीशी घेतलं, पण त्यानं तोंड फिरवलं आणि टाहो फोडला. ठकूचा हात त्याच्या तोंडावर गेला. पोर निळं पडू लागलं. आवडीनं तो हात बाजूला केला.

पाण्यावर रेघ उमटली. रेघ होडीकडे येत होती.

आवडीनं लेकीच्या हातात वल्हं दिलं. "मागं बघू नको," एवढंच म्हणाली आणि पाण्यात उडी टाकली. "इकडं ये! इकडं ये गो!" असं ओरडत ती त्या दोन खडकांकडे पोहत सुटली. तिथल्या फटीत ओहोटीला होड्या अडकतात, हे तिला ठाऊक होतं. रेघ होडीपासून वळली.

आवडी फटीतून शिरली आणि आतल्या दगडावर चढली. मागोमाग मगरीनं झेप घेतली. जबडा तिच्या पायाशी मिटला आणि ते अवाढव्य अंग दोन खडकांत पोटाशी रुतून बसलं. पाणी उतरत गेलं तसे मगरीचे पाय हवेत राहिले.

आवडीच्या मागे कडा होता. पुढे तो जबडा. उतरायला वाट नव्हती. ती ओरडत होती तोवर मगर तिच्याकडे रेटत होती आणि अजून घट्ट अडकत होती. आवाज थांबला की मगर इंचाइंचानं मागे सरके. म्हणून आवडीला थांबता येईना. तिनं काठावरच्या माणसांना हाका मारल्या. माणसं पहारी, कोयते घेऊन उभी होती, पण पाय उचलेना. तिनं एकेकाचं नाव घेतलं. नावं सरली. देवांची नावंही सरली. भरती परत फिरली, पाणी खडकांना लागलं. आता ते धूड पुन्हा तरंगणार होतं.

तेव्हा तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. संसारात एकदाही तिनं ते उच्चारलं नव्हतं. "धाकलू! धाकलू!" तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही.

बाईच्या तोंडी ते नाव ऐकलं आणि काठावरची माणसं हलली, असं सांगतात. मागच्या बाजूनं खडकांवर चढली, वरून धोंडे लोटले, पहारी घातल्या. भरती खाचेत शिरली तेव्हा पाणी लाल होतं.

आवडीला खाली आणलं. ठकू पोराला घेऊन धावत आली. आवडीनं पोराच्या अंगावरून हात फिरवला, काही बोलायला तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. पुढे कधीच आला नाही.

पण तर तिनं सोडली नाही. म्हातारी होईपर्यंत तीच वल्हवत होती. मगर मेली होती, आता बोलायला हरकत नव्हती. पण समोर ती मुकी बसलेली असताना होडीत तोंड उघडायला कोणाची जीभ रेटेना.

आजही एसटी पुलावर चढली की गावची माणसं गप्प होतात. कंडक्टर नवा असला तरी पंच वाजवायचा थांबतो. तान्हं पोर रडलं, तर मात्र त्याला कोणी उगी करत नाही. रडू देतात.