मैनानं मागितलेली साडी

डोंगराच्या कुशीत, पळसांच्या पलीकडे, चिमुकल्या मैनाचं चिमुकलं घर होतं. त्या सकाळी मैनाची आई वारली. बाबा भिंतीला टेकून बसले ते उठेचनात.

शेजारच्या पारूकाकू हळूच म्हणाल्या, "मैना, आईला पोचवायला यायचंय ना? मग हा झगा बदल, बाळा. अशा वेळी पांढरं घालावं, नाहीतर साधं, फिकं काहीतरी."

मैनाकडे दुसरा झगाच नव्हता. हा एकुलता एक, लालभडक, चमचमत्या टिकल्यांचा.

"मग मी येऊ नको का?"

काकूंनी तिला जवळ घेतलं.

मैना मागच्या बागेत गेली आणि नखांनी एकेक टिकली उपटू लागली. बोटं दुखली, झगा फाटला, पण लाल तो लालच.

इतक्यात जुईच्या वेलीतून रुपेरी उजेड सांडला. इवल्याशा पानावर इवलीशी परी उभी होती. तिच्या मुकुटात दवाचे थेंब लुकलुकत होते.

"माग, मैना. पण एकच वस्त्र, आणि एकदाच."

"मला आई हवी."

परीचे पंख मिटले. "गेलेलं माणूस मला आणता येत नाही गं."

मैना खूप वेळ रडली. पांढरा झगा मागायला तिनं तोंड उघडलं, आणि उघड्या दारातून तिला घरात निजवलेली आई दिसली. अंगावर विरलेलं लुगडं. आईनं जन्मभर लोकांनी टाकलेलीच लुगडी नेसली होती.

"आईला साडी दे. हिरवी. अजून कुणी न नेसलेली."

"आणि तुला?"

"मी लांबूनच बघेन."

कोवळ्या भातासारखी हिरवी, सोनेरी काठांची साडी मैनाच्या हातांत अलगद उतरली.

"दुसरं वस्त्र देता येत नाही," परी म्हणाली, "पण रंग नेता येतो." तिनं झग्याला बोट लावलं. सगळी लाली तिच्या पंखांत चढली आणि झगा जुईसारखा पांढराशुभ्र झाला. फाटका होता, तो फाटकाच राहिला. लाल उजेड एकदा लखलखला आणि परी दिसेनाशी झाली.

काकूंनी आईला साडी नेसवली. मैनानं पदर सारखा केला.

"आई, छान दिसतेस," ती म्हणाली.

आई काही बोलली नाही. बाबा मात्र उठले. त्यांचं बोट धरून मैना आईच्या मागून चालू लागली.