तळ्याची पाटी

"या तळ्यात माझ्यावाचून पान हलत नाही," असं तिरपेतात्या नावाचा म्हातारा खेकडा दोन्ही नांग्या वर करून सांगत असे, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर उमटायच्या आत स्वतःच पुढे जोडत असे, "वारा असला की हलतं, ती गोष्ट वेगळी."

त्या मुलखात तळी पुष्कळ होती आणि पाहुणे मोजकेच. थंडी पडली की करकोच्यांचे थवे वरून जात आणि मन बसेल त्या तळ्यावर उतरत. उतरले की पाण्यात पाय आपटत हिंडत. त्या पायांनी शेवाळ फाटे, चिखल ढवळला जाई, माशांना श्वास मिळे आणि तळं पुढच्या थंडीपर्यंत जिवंत राही. तात्यांच्या तळ्यावर गेल्या दोन थंड्यांत कुणी उतरलं नव्हतं. शेवाळाची गोधडी काठावरून सरकत पार मधोमध आली होती. आणखी एक थंडी अशीच गेली तर ती पलीकडच्या काठाला टेकणार, आणि मग त्या जागेला तळं कशाला म्हणायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडला होता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी करकोचे बेताच्या उंचीवरून उडत. काठावरची टिटवी ओरडून सांगे, पाणी किती, मासळी कशी, धोका आहे की नाही. पुढे थवे इतके उंच गेले की टिटवीचं ओरडणं अर्ध्या वाटेतच विरून जाऊ लागलं. इतर तळ्यांनी मग काठावर वरून वाचता येतील अशा भल्यामोठ्या पाट्या उभारल्या. पाहुणे वाचत आणि उतरत. या तळ्यानं मात्र दोन वर्षं पाटी उभारावी की नाही यावर सभा घेतल्या.

सभेचे अध्यक्ष बगळेगुरुजी. ते एका पायावर उभं राहून डोळे मिटत, त्यामुळे त्यांना विद्वान मानण्याची पद्धत होती. दुसरा पाय कुठे ठेवलाय हे आठवत नसल्यामुळे ते तसे उभे असतात, असं तात्या म्हणत. या खेपेला गुरुजींनी एक डोळा उघडला आणि फर्मावलं, की पाटी करायचीच, आणि चांगला कारागीर शोधायला तिरपेतात्यांनी जावं. कारण कुणाच्याही बिळात नाक खुपसण्याची सवय तळ्यात त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला नाही.

तात्या खूश झाले, आणि खुशीत जीभ सैल सुटली. "असा कारागीर आणतो की करकोचे रांगा लावतील. नाही उतरले, तर हा तिरपेतात्या जन्मभर सरळ चालेल!"

सभा चपापली. खेकड्याला सरळ चालावं लागणं म्हणजे तोंड दाखवायला जागा न उरणं. आणि त्या तळ्यात सभेत बोललेला शब्द गमतीचा असला तरी परत घेता येत नसे.

तात्या निघाले. आधी गेले मोराकडे. मोरानं पिसांची पाटी उलगडली तेव्हा तात्यांचे दोन्ही डोळे देठांसकट बाहेर आले. निळ्यात हिरवं, हिरव्यात सोनं. तात्यांनी पाटीच्या पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खालून शिरून वर निघाले. "छान आहे हो. पण यातलं एक अक्षर बदलायचं झालं तर?"

"मला बोलवायचं," मोर म्हणाला. "पिसं गळायच्या दिवसांत मोकळा असतो मी."

मग भेटली गोगलगाय. तिच्याकडे तयार शंख होते. आज सांगा, आजच उभा. आत कप्पे, बाहेर चकाकी, झाडलोटसुद्धा तीच करणार. भाडं म्हणून कोवळ्या कोंबांचा घास तेवढा रोज पोचवायचा. तात्या शंखात शिरले. आत इतकं ऐसपैस वाटलं की बाहेर यावंसं वाटेना. तरी खोदून विचारलंच, "आणि आम्हाला उद्या हलायचं झालं तर?"

"खुशाल हला," गोगलगाय गोड हसली. "शंख तेवढा माझा. तुम्ही आत मांडलेलं असतं ते शंखाला चिकटलेलं असतं, एवढंच."

कावळ्याची गोष्टच न्यारी. त्याच्याकडे काटक्यांचा सांगाडा फुकट होता, आणि ज्याला हवी त्यानं हवी ती काटकी खोचावी. तात्यांना हे फार आवडलं. त्यांनी स्वतः काटक्या खोचून पाहिल्या, काढून पाहिल्या, पुन्हा तिरक्या खोचल्या. मग सांगाड्याच्या पोटात एक अंडं दिसलं. "हे कुणी बसवलं?"

"असेल कुणीतरी. चांगलंच असणार," कावळा म्हणाला. अंड्याला तडा गेला, आणि आतून जे बाहेर आलं ते काही कावळ्यासारखं दिसत नव्हतं. तात्यांनी पाय काढता घेतला.

शेवटी वाळवी. ती एक नव्हती आणि तिचा आवाजही एक नव्हता. "तुम्ही म्हणाल ते करू," असं ती सगळ्या तोंडांनी एकदम म्हणाली. दगडासारखी पक्की, ताडासारखी उंच, अगदी तुमच्या मापाची पाटी. तात्यांनी विचारलं, आत कशी असते? वाळवी म्हणाली, "ते आम्हालाच ठाऊक. म्हणजे आमच्यातल्या एकीला ठाऊक नसतं, सगळ्या मिळून ठाऊक असतं." मग हळूच म्हणाली, "आणि हो, तुमच्यासाठी आतून एक खास भुयार ठेवू. आडवं."

आडवं भुयार! तात्यांच्या सगळ्या शंका त्या भुयारात शिरल्या त्या पुन्हा बाहेर आल्याच नाहीत.

सभेत तात्यांनी चारही कारागिरांच्या इतक्या नकला केल्या की मासे उलटे होऊन हसले. मग जो तो आपलं मागणं मांडू लागला. बेडकांना पाटी घुमणारी हवी होती. म्हैसकाकींना तिला पाठ घासायला खरखरीत कड हवी होती. गुरुजींना ती आपल्यापेक्षा उंच नको होती, पण इतर तळ्यांच्या पाट्यांपेक्षा उंच हवी होती. सभेला जातीनं आलेली वाळवी प्रत्येकाला "होईल" म्हणाली.

तेवढ्यात काठावरून टिटवी कडाडली, "आणि रोजचं रोज त्यावर लिहिणार कोण?"

"तूच की," गुरुजी म्हणाले. "बातमी देणं हे तुझंच काम."

"मग माझ्या चोचीला झेपेल असं काहीतरी घ्या ना! काठावर पांढरे खडे मांडू. आज एक अक्षर, उद्या दुसरं. पाणी उतरलं की खडा सरकवला, झालं."

"खडे!" म्हैसकाकी इतक्या हसल्या की लाट आली. "अगं बाई, पाहुणे येणारेत, गोट्या खेळायला पोरं नाही."

तात्यांनाही राहवलं नाही. "टिटवीबाई, तुम्ही आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणाऱ्या. तुम्ही पाटीचं सांगणार?"

"तात्या, तुम्ही चालता तिकडे तुमचं तोंड नसतं हे जन्माला आल्यापासून बघतेय," टिटवी म्हणाली. "बोलता तिकडेही नसतं, ते आज कळलं."

हशा झाला, पण हशानं निकाल लागत नाही. त्या तळ्यात मत द्यायची रीत जुनी होती: पाण्याखाली जायचं आणि बुडबुडा सोडायचा. टिटवी जन्माची काठावरची. तिचा बुडबुडा कधी कुणी पाहिला नव्हता, आणि तो नाही हेही कधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माशांचे बुडबुडे मोराला गेले, बेडकांचे कावळ्याला. मग तात्या खाली गेले आणि आडवं भुयार आठवून त्यांनी तोंडानं असा फेस काढला की मोजणाऱ्या गुरुजींना दोन्ही पायांवर उभं राहावं लागलं. वाळवी निवडून आली.

पाटी उभी राहिली. खरंच देखणी होती. घुमत होती, खरखरीत होती, आणि तात्या दिवसातून कितीतरी वेळा भुयाराच्या या तोंडातून शिरून त्या तोंडातून निघत होते आणि दर वेळी स्वतःलाच "या, या" म्हणत होते. माती ओली असेपर्यंतच अक्षरं कोरता येणार होती. वाळवीनं विचारलं, "मजकूर?"

उंचीवर बोलणं झालं होतं, रंगावर झालं होतं, घुमण्यावर तर दोन बैठका झाल्या होत्या. मजकुराचं नंतर बघू असं ठरलं होतं, आणि ते नंतर आता समोर येऊन उभं होतं.

नेमक्या त्याच सकाळी नदीची एक मगर वाट चुकून तळ्यात आली होती आणि शेवाळात आडवी पडली होती. गुरुजी म्हणाले, "पाटीला खोटं शोभत नाही. आज जे आहे तेच लिहावं." यावर कुणालाही आक्षेप घेता येईना, कारण म्हणणं रास्तच होतं. वाळवीनं सुबक, ठसठशीत, ढगांतूनही वाचता येईल अशा अक्षरांत कोरलं: आज तळ्यात मगर आहे.

उन्हात माती सुकली. वाळवी दुसऱ्या कामाला गेली. संध्याकाळी मगरीला शेवाळाचा कंटाळा आला आणि ती आल्या वाटेनं निघून गेली.

सकाळी टिटवी पाटीपाशी आली, बातमी बदलायला चोच मारली, आणि चोच झिणझिणली. तिनं हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. म्हैसकाकींनी शिंग घासलं. शिंग गुळगुळीत झालं. गुरुजींनी कमळाचं पान चिकटवलं; वाऱ्यानं ते नेलं. वाळवीला निरोप धाडला. उत्तर आलं, की बदल होईल, पण त्यासाठी राणीला सांगावं लागेल, आणि राणी पार तळाशी असते; निरोप तोंडातोंडी उतरेल, मग हुकूम तोंडातोंडी चढेल. तात्यांनी रोज वारुळाच्या दाराशी जाऊन चौकशी केली. रोज त्यांना सांगण्यात आलं की निरोप उतरतो आहे.

आणि थंडी पडली.

पहिला थवा दिसला तेव्हा तळ्याचं उरलेलं पाणी इतकं नितळ होतं की आभाळ त्यात जसंच्या तसं उतरलं होतं. करकोचे तळ्यावर आले, माना वाकवल्या, वाचलं आणि सरळ पुढे गेले. टिटवी घसा बसेपर्यंत ओरडली. दुसरा थवा आला. त्यानंही वाचलं. माशांनी तोंडं शेवाळाबाहेर काढून त्यांना जाताना पाहिलं. त्या रात्री गोधडी आणखी हातभर सरकली.

तात्या भुयारात गेले नाहीत. भुयार आवडेनासं झालं होतं. तिथून दोन्ही दिशांना जाता येत होतं आणि एकही दिशा उपयोगाची नव्हती. सकाळी शेवटचा थवा क्षितिजावर दिसला, तसे ते पाटीवर चढले. तिरके तिरके, निसटत, पुन्हा चढत, थेट 'मगर' या शब्दावर जाऊन बसले. आठही पाय पसरले, दोन्ही नांग्या ताणल्या. तरी 'र'चं शेपूट उरलंच. ते झाकायला टिटवी येऊन पंख पसरून बसली.

थवा वर आला. रेंगाळला. वर्तुळ धरून फिरू लागला. पाटीवर हे काय हलतंय ते बघायला एक म्हातारा करकोचा एकटाच खाली उतरला, आणि कोरड्या काठावर अंतर राखून उभा राहिला.

"पाव्हणं, या!" तात्यांना इतका आनंद झाला की घसरता घसरता राहिले. "मगर नाही हो! तेव्हाच गेली, त्याच संध्याकाळी! पाणी बघा, मासे बघा. वरच्यांना सांगा, उतरा म्हणावं!"

करकोच्यानं पाणी बघितलं. मग मान तिरकी करून पाटी बघितली, तिची कड, तिची अक्षरं, अक्षरांवर आडवा पडलेला खेकडा, आणि त्याच्या पायांच्या फटीतून दिसणारं सगळं. थवा वर फिरत होता.

"अक्षर मात्र सुरेख आहे," तो म्हणाला. "एवढंच सांगा म्हातारबुवा, म्हणजे मला वर जाऊन सांगता येईल. तुमच्या पाटीवरचं 'आज' मावळतं कधी?"