चिमी मुंगी आणि न चढणारी गाडी

ऐका हं बाळांनो. डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल.

एक होती टेकडी. टेकडीवर एक घर. घराला उंबरा. उंबऱ्याखाली राहायची चिमी मुंगी.

घरात राहायच्या वेणूकाकू. दर शुक्रवारी त्यांचा उपास. संध्याकाळी दिवा लावायचा. देवीला खिरीचा नैवेद्य दाखवायचा. मग खिरीतलं एक शीत उंबऱ्याशी ठेवायचं, चिमीसाठी. चिमीने खाल्लं की मगच काकू जेवायच्या. असा त्यांचा नेमच होता.

आज शुक्रवार. आभाळ गुलाबी झालं. चिमी उंबऱ्यावर आली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाहते तर काय, शीत नाही.

"काकू, काकू, माझं शीत द्या ना."

"कुठून देऊ गं बाई? दूधच आलं नाही. किटली येईल, तर खीर होईल."

काकूंचं तोंड सुकलं होतं. सकाळपासून त्या नुसत्या पाण्यावर होत्या.

चिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. उतारावरचं गवत मऊ मऊ. वाऱ्यालाही झोप आलेली.

उतार संपला. खाली दूधवाल्या नामूदादाची मोटरसायकल उभी. मागे दुधाची किटली बांधलेली.

"किटलीताई, किटलीताई, वर ये ना. खीर होईना, मला शीत मिळेना."

किटली म्हणाली, "मला का पाय आहेत? गाडी चढेल, तर मी येईन."

चिमी गेली गाडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गाडीबाई, गाडीबाई, चढ ना. किटली येईना, खीर होईना, मला शीत मिळेना."

गाडीने मोठी जांभई दिली. "माझं पोट धडधडतं, पण मागचं चाक फिरत नाही. चेन ओढेल, तर मी चढेन."

चिमी गेली चेनीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चेनमावशी, चेनमावशी, ओढ ना. गाडी चढेना, किटली येईना, खीर होईना, मला शीत मिळेना."

चेन म्हणाली, "ओढायला जाते आणि घसरते. खट्-खटक, खट्-खटक. दातेरी चाक धरेल, तर मी ओढीन."

चिमी गेली दातेरी चाकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाकोबा, चाकोबा, धरा ना. चेन ओढेना, गाडी चढेना, किटली येईना, खीर होईना, मला शीत मिळेना."

चाकोबा लाजले. त्यांचे दाते बारीक झाले होते, बाभळीच्या काट्यासारखे. एका अंगाला वाकलेही होते. "फिरून फिरून झिजलो गं. आता माझ्याच्याने होत नाही. मेस्त्री नवं चाक घालतील, तर ते धरेल."

समोर झाडाखाली गजामेस्त्रींचं दुकान. नामूदादा तिथेच बाकावर बसलेला. चिमी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका, नवं चाक घाला ना. चाक धरेना, चेन ओढेना, गाडी चढेना, किटली येईना, खीर होईना, मला शीत मिळेना."

मेस्त्रींनी मान हलवली. "नामू म्हणतो, चेन जरा सैल झालीय, घट्ट केली की झालं. दर आठवड्याला तो तेच म्हणतो. झिजलेलं दिसल्याशिवाय मी काही बदलत नाही बाई."

चिमी खाली बसली. आता कुणाकडे जायचं? वर काकू उपाशी. दिवा लावून वाट बघत असतील.

चिमी उठली. परत गाडीकडे गेली, टायरवर चढली. हळूहळू चेनीवर गेली. "काका, इथे बघा."

मेस्त्री वाकले. त्यांनी चाकाच्या मागच्या बाजूला चेन चिमटीत धरली. हळूच ओढली. चेन उचलली गेली. चेन आणि दाते यांच्यामध्ये फट पडली.

चिमी त्या फटीत शिरली. इकडून गेली, तिकडून आली.

मेस्त्री बघतच राहिले. मग म्हणाले, "नामू, इथे मुंगी फिरतेय. चेन चांगली असती, तर मुंगीची मिशीसुद्धा मावली नसती."

नामूदादाने डोकं खाजवलं. "मग चेन तेवढी बदला."

"नुसती चेन नाही. जुने दाते नव्या चेनीलाही खातील. चेन, मागचं मोठं दातेरी चाक, पुढचं छोटं दातेरी चाक. तिघं एकदमच."

"घाला मेस्त्री, तिघंही घाला. काकूंचा उपास आहे."

मेस्त्रींनी चिमीला झाडाच्या पानावर घेतलं आणि किटलीच्या झाकणावर अलगद ठेवलं. मग पाना फिरला, कुर्र कुर्र. जुनी तिघं उतरली. नवी तिघं बसली. वरून तेल पडलं, थेंब थेंब.

मग काय झालं?

चाक धरू लागलं. चेन ओढू लागली, सुळसुळ, सुळसुळ. गाडी चढू लागली. किटली वर निघाली, डुलत डुलत. आणि झाकणावर चिमी. गार वारा, जांभळं आभाळ, एकच चांदणी. चिमीला वाटलं, आपण ढगावर बसलोय.

घर आलं. दूध तापलं. खीर झाली, रटरट, रटरट. देवीपुढे वाटी ठेवली. काकूंनी हात जोडले.

मग उंबऱ्याशी एक शीत आलं. पांढरं, गोड, कोमट. चिमीने दोन्ही हातांनी धरलं आणि कुरतडलं.

काकू तिथेच पाटावर बसल्या होत्या. त्यांनी चिमीकडे पाहिलं, हसल्या आणि पहिला घास घेतला.

चिमीला तिचं शीत मिळालं. तुमचं तुम्हाला मिळो.