राघू गाढवासाठी मांडलेला डाव

"अख्ख्या टेंभुर्ली संस्थानात पत्त्यांत माझा हात धरील असा माणूस न्हाई!" हौसा कुंभारीण भर दरबारात म्हणाली. मग जरा विचार करून तिनंच पुढं जोडलं, "म्हंजे, मी खेळते फकस्त आमच्या मालकांसंगं. आन् ते पानं उलटी धरत्यात."

मालक, म्हणजे गणू कुंभार, मागंच उभा होता. त्यानं मान डोलावली. खोटं काय होतं त्यात!

भानगड होती गाढवाची. हौसाच्या एकुलत्या एक गाढवाचं नाव राघू. नाव गळ्यावरून ठेवलेलं. रोज दुपारी महाराज जेवून आडवे झाले रे झाले, की हा राघू नेमकी तान घ्यायचा. महाराजांनी कानावर उशी दाबून पाहिली, कानात कापूस घालून पाहिला. शेवटी हुकूम सुटला, "गाढव वेशीबाहेर!" आता गाढव गेलं तर माती कोण वाहणार? गणू? गणूची कंबर तर गाढवाच्या आधीच बसलेली! म्हणून हौसा गाऱ्हाणं घेऊन दरबारात आली, तर महाराज पत्ते पिसत बसलेले.

"एवढी फुशारकी आहे, तर बस आमच्यासमोर," महाराज म्हणाले. "तीन पानी खेळू. जिंकलीस तर गाढव राहील. हरलीस तर आत्ताच्या आत्ता वेशीबाहेर!"

दरबारी गालात हसले. महाराजांना आजवर कोणी हरवलं नव्हतं. राजा आहे म्हणून लोक हरत, असंही नाही. गडी खरोखरच पक्का होता. समोरच्यानं आवंढा गिळला, की याला त्याची पानं कळत. दिवाणजींचे तर कान लाल व्हायचे. ते हल्ली कानांना उपरणं गुंडाळून खेळत, आणि तरीही हरत.

चिंचोक्यांचे दोन ढीग पडले. खेळ साधा. डाव मांडताना दोघांनी एकेक चिंचोका मधे टाकायचा, तीन-तीन पानं घ्यायची. मग चाल करायची, म्हणजे आणखी चिंचोके पुढं सरकवायचे. नाहीतर गप राहायचं. एकानं चाल केली, की दुसऱ्यानं तेवढेच घालून डाव धरायचा, म्हणजे पानं उघडायची, नाहीतर डाव सोडायचा. ज्याचा ढीग संपला तो हरला.

पहिल्याच डावात हौसाला तीन राजे आले! तिनं मूठभर चिंचोके सरकवले. महाराजांनी तिच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि पानं टाकून दिली. तीन राजांची कमाई एक चिंचोका!

पुढच्या डावात तिला गुलाम, राणी, राजा असे ओळीनं आले. तिनं पुन्हा चाल केली. "काय फुटकं नशीब आमचं!" असं कण्हत महाराजांनी डाव धरला आणि तीन एक्के उघडले.

त्यानंतर महाराजच म्हणाले, "वा! काय देखणी पानं!" आणि ओंजळभर चिंचोके लोटले. हौसानं घाबरून डाव सोडला. असं होता होता तिचा ढीग मुठीत मावेल एवढा उरला. बाहेर राघूनं तान घेतली. महाराजांनी कपाळाला आठी घातली.

नवीन पानं आली. हौसानं हळूच पाहिलं. नव्वीची जोडी, बरोबर एक तिर्री. धड राजा ना धड भिकारी!

गणूनं मागून कोपर मारलं. "कर की चाल! जोडी हाय न्हवं?"

"मोठ्यानं बोला! सरकारांना ऐकू आलं नसंल!"

गणू मागं सरकला. हौसा मनात म्हणाली, चाल केली तर काय व्हईल? सरकारांकडं हलकी पानं असली तर ते लगेच टाकतील. भारी असली तरच धरतील. म्हंजे पाटरांगोळी काढून घरात बोलवायचं कुणाला, तर आपल्याला मारणाऱ्याला!

"मी गप," हौसा महाराजांना म्हणाली.

महाराजांची भुवई वर गेली. "भ्यालीस?"

"व्हय, सरकार."

महाराजांनी आपली पानं पुन्हा पाहिली. "वा, वा! पानं आहेत का मोत्यांचा सर! काय रूप, काय तेज!" आणि त्यांनी अख्खा ढीग पुढं लोटला. "तुझ्याकडं एवढे चिंचोके नाहीत. तेव्हा असं कर, धरलास तर डाव इथंच संपला. जिंकलीस तर सगळे तुझे. हरलीस तर गाढव चाललं!"

"सोड, हौसा, सोड!" गणू कळवळला.

हौसानं आपली शेवटची मूठ मधे रिकामी केली. "उघडा, सरकार!"

महाराजांनी पानं उघडली. दुर्री, पंजी, सत्ती. तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. एकमेकांची तोंडओळखही नाही!

हौसानं नव्व्या पुढं ठेवल्या. महाराज त्यांच्यावर वाकले.

"आमच्याकडं काही नाही, हे तुला कळलं कसं?"

"सरकार, मी बाजारात मडकी इकते. जिला मडकं घ्यायचं असतं, ती बाई आधी नावं ठेवती. तोंड वाकडं हाय, बूड जाड हाय! आन् जी म्हणती, 'अगं बाई, काय ग्वाड मडकं!' ती छदाम न काढता म्होरं जाती. एक्के आले तवा तुमी कण्हलात. आत्ता कवतिक केलंत!"

"मग आधी गप का बसलीस?"

"तुमी बोलावं म्हणून!"

महाराज असे हसले की शिरपेच नाकावर आला. "राघू राहील! आणि त्याला सरकारी पागेतून वैरण! आणि ही घे, आमच्या अंगावरची शाल!"

हौसाचे डोळेच दिपले. तिनं शालीवरून हात फिरवला. "अगं बाई! काय सुरेख शाल! काय काठ, काय रंग!"

महाराजांनी शाल शांतपणे मागं ओढून घेतली.

"दिवाणजी, घडी करून ठेवा. बाईंना घ्यायची नाहीये!"