न वाजवण्याची परीक्षा

एकदा एक मास्तर होते. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या गावात राहून त्यांनी जन्मभर इलेक्ट्रिक गिटार वाजवली. निम्मं गाव त्यांना खुळ्यात काढत असे, आणि तेच निम्मं गाव उरुसाच्या ऑर्केस्ट्रात त्यांना ऐकायला मांडवात सर्वांच्या पुढे बसत असे. वयोमानाने बोटं आखडली, तेव्हा त्यांनी शिष्य तयार करायला घेतले. त्यांत भूपाल थोरला. मास्तरांच्या मागे उरुसातली मुख्य गिटार भूपालची, हे इतकं ठरून गेलं होतं की त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे.

पुढे पद्मल नावाची मुलगी शिकायला आली. अबोल, एकाग्र, आणि हाताने गोड. भूपालने तिच्याकडे थोरल्या भावाच्या नजरेने पाहिलं. धाकटं माणूस आपल्यापेक्षा लहान असेपर्यंत ही नजर फार प्रेमळ असते.

वर्ष उलटल्यावर एके दिवशी मास्तरांनी ट्रंकेतून एक लोखंडी डबी काढली आणि पद्मलच्या पायाशी ठेवली. ते त्यांचं स्वतःचं डिस्टॉर्शन पेडल होतं. पायाने दाबलं की गिटारचा मंजूळ आवाज पार पालटे. तार नुसती छेडली तरी अँपमधून अशी गर्जना उठे की खिडकीची तावदानं थरथरत. ही गर्जना किती वाढवायची, ते गेनच्या बटणावर ठरे.

"आता यावर वाजवायला लाग, पोरी. उरूस जवळ आलाय," मास्तर म्हणाले.

झालं! भूपालच्या काळजात जी ठिणगी पडली ती विझेना. इतकी वर्षं आपण मास्तरांचे अँप खांद्यावरून वाहिले, आणि डबी कालच्या पोरीला? मास्तर तिला 'वा' म्हणाले की तो उगाच आपल्या तारा पुन्हा जुळवायला घेई. ती चुकली की त्याला बरं वाटे, आणि बरं वाटल्याचा पुन्हा राग येई. मत्सर असा दोन्हीकडून खातो. रियाजाला बसला तरी त्याचा एक कान तिच्या खोलीकडे असे.

अखेर त्याने मनाची समजूत घातली की जादू तिच्या बोटांत नाही, त्या डबीत आहे. तो तडक शहरातल्या व्यापाऱ्याकडे गेला.

"सगळ्यांत जास्त गेनचं पेडल द्या," तो म्हणाला.

"वाजवणार काय त्याच्यावर?" व्यापाऱ्याने विचारलं.

"ते मी बघतो. एका मुलीच्या पेडलपेक्षा मोठं वाजलं पाहिजे."

व्यापारी गालात हसला आणि त्याने सर्वांत वरच्या फळीवरचं पेडल उतरवलं. गिऱ्हाइकाला काय हवंय ते कळलं की व्यापारी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी भूपालने सर्वांसमक्ष ते पेडल मास्तरांपुढे ठेवलं. "मास्तर, आमची परीक्षा घ्या. जो सरस ठरेल तो उरुसात वाजवेल."

मास्तरांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाले, "बरं. दोघं समोरासमोर उभे राहा. गिटारचा आवाज पूर्ण सोडा, गेन पूर्ण करा, पेडल दाबा."

"आणि वाजवू काय?"

"काही नाही. गिटार गप्प ठेवायची. ज्याची आधी बोलली, तो हरला."

"हे काय वो मास्तर? न वाजवण्याची कसली परीक्षा?"

"बघ की करून."

भूपालला हसू आलं. त्याने तळहात तारांवर टेकवला आणि पेडल दाबलं. अँपमध्ये बारीक खरखर सुरू झाली. पद्मलनेही तेच केलं. तिने डोळे मिटून घेतले.

थोडा वेळ गेला. हिचा हात ढळत कसा नाही, म्हणून भूपालने तिच्या हाताकडे पाहिलं. तेवढ्यात त्याचा तळहात केसभर सैलावला. एक मोकळी तार गुणगुणली, अँपने ते गुणगुणणं उचललं, आणि क्षणात अशी कर्कश शिट्टी उठली की ओसरीवरची माणसं कानांवर हात ठेवून पळाली.

"पुन्हा," भूपाल ओरडला. मास्तरांनी पुन्हा संधी दिली. पुन्हा त्याची नजर तिच्या हाताकडे गेली, आणि पुन्हा गिटार किंचाळली. पद्मलची गिटार शेवटपर्यंत गप्प होती.

भूपालचं तोंड काळवंडलं. इतकी वर्षं जपलेला उरूस हातचा गेला होता, आणि तोही एक सूर न वाजवता.

सगळे गेल्यावर मास्तर त्याच्याजवळ बसले. "लेका, तू वाजवण्यात तिच्यापेक्षा कमी नाहीस. पण हे पेडल नवा सूर निर्माण करत नाही. असेल ते वाढवतं. वाजवलेली तार वाढवतं, तशी नकळत सुटलेलीही वाढवतं. म्हणून गेन जितका अधिक, तितकं न वाजवायच्या तारा आवरण्याचं कौशल्य अधिक लागतं. तुझा हात तुझ्या तारांवर होता आणि चित्त तिच्या तारांवर. लहान आवाजात हे झाकून जातं. मोठ्या आवाजात जगाला ऐकू जातं."

भूपालला पटलं होतं, पण जळणं थांबलं नव्हतं. पटल्याबरोबर मत्सर जात असता तर जगात एवढे गुरू लागले नसते.

उरुसात पद्मल वाजवायला उभी राहिली आणि साथीला भूपाल. तिने उत्तम वाजवलं. तिचा प्रत्येक सूर त्याला टोचला. कार्यक्रम आटोपून वायरी गुंडाळताना त्याला राहवलं नाही.

"पद्मल, त्या दिवशी तुझा हात एकदासुद्धा कसा सुटला नाही गं?"

ती संकोचली. "दादा, रागावू नका. मी आले तेव्हा मास्तरांनी मला वर्षभर दुसरं काही शिकवलंच नाही. रोज पहाटे, तुम्ही यायच्या आधी, त्यांचं पेडल दाबून गिटार गप्प ठेवायची, एवढंच."

"वर्षभर? का?"

"मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती खाली बघत म्हणाली, "की मला भूपालदादांपेक्षा मोठं वाजवायचंय. तुमचं वाजवणं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा."

भूपालने हातातली वायर खाली ठेवली. मग त्याने तिच्या हातातला जड अँप घेतला, खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "चल. उद्यापासून मलाही शिकव."

आपल्याला ज्याच्याविषयी जळजळ वाटते, तोही कदाचित आपल्याकडेच पाहून जळत असतो, एवढं ध्यानात आलं तरी पुष्कळ.