बेचाळिसावा प्रॉथरो

“हे एवढे सगळे तुझे कोण रे, मास्तर?”

गार्डबाबांनी वही मांडीवर घेतली होती आणि ते पानं उलटत होते. चष्मा नव्हता, त्यामुळे वाचत काहीच नव्हते, नुसती उलटत होते.

डेन्झिल प्रॉथरोंना हा प्रश्न फार आवडला. याच प्रश्नाची तर ते वाट बघत होते.

“माझ्या आडनावाचे, बाबा,” ते ताठ बसून म्हणाले. “एक्केचाळीस प्रॉथरो. सगळे नामांकित.”

आता हे डेन्झिल प्रॉथरो कोण, ते आधी सांगायला हवं. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत जन्मलेले, तिथंच वाढलेले, इंग्रजी शाळेत बत्तीस वर्षं काढून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. रंगानं गोरे, बोलण्यात पक्के इगतपुरीकर. कुणी कौतुकानं “तुमचं मराठी चांगलं आहे हो” म्हटलं, की फाडकन विचारायचे, “मग, तुमचं वाईट आहे का?” आडनाव मात्र लांबचं, वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातलं. आणि त्या आडनावाचा त्यांना असा काही ताठा, की बाजारात कुणी नुसतं “ओ मास्तर” म्हणून हाक मारली तर वळूनसुद्धा बघायचे नाहीत. पूर्ण नावानं बोलवा, मग येतो!

पण अलीकडं हाका मारणारेच कमी झाले होते. बायको गेली. दोन्ही मुली लग्न करून ऑस्ट्रेलियात गेल्या, त्यांची आडनावं बदलली. गावात प्रॉथरो म्हणून उरले हे एकटे. शाळेत होते तोवर वर्गात पाऊल टाकलं की साठ पोरं उभी राहायची. आता घरात शिरले तर मांजरसुद्धा डोळा उघडत नव्हतं. माणूस आतून पार खचला होता. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं तर प्रॉथरो कसले?

म्हणून ते एका सकाळी गार्डबाबांकडे आले होते. इथंच राहायचं, बाबांच्या पायाशी, असं ठरवून.

गार्डबाबा म्हणजे लहानू गभाले. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यातून बावटा दाखवण्यात गेला. नोकरी संपली तसे घाटाच्या तोंडाशी, रुळांपासून हाकेच्या अंतरावर झोपडी बांधून बसले. उपदेश करत नसत, अंगारा देत नसत, कुणी पाया पडायला वाकलं तर “कंबर सांभाळ” म्हणत. तरी माणसं यायची. हिंदू यायचे, मुसलमान यायचे, चर्चमधून सुटल्या सुटल्या ख्रिस्ती यायचे. महिना-दोन महिने राहायची आणि जाताना हलकी होऊन जायची.

नियम एकच होता. राहायचं असेल तर आपली सगळ्यात प्यारी वस्तू दाराबाहेरच्या दगडावर ठेवायची. मग ती वाटेनं येणारा-जाणारा कुणीही उचलून नेई. सिन्नरच्या पैलवानानं गदा ठेवली होती. नाशिकच्या एका वकिलानं काळा कोट ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तोच कोट अंगात चढवून गुपचूप पसार झाला. स्वयंपाकाचं बघणाऱ्या द्वारकाबाईंनी तर सुनेबद्दल बोलणं ठेवलं होतं. दगडावर दिसत काही नव्हतं, पण तेवढं जड त्या दगडावर आजवर कुणी ठेवलं नाही, असं सगळेच म्हणत.

प्रॉथरो मास्तर वही घेऊन आले होते. अकरा वर्षं खपून लिहिलेली, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. प्रत एकच.

“वाच बरं,” बाबा म्हणाले.

मास्तरांनी घसा साफ केला.

एक इतिहासकार. एक न्यायाधीश. पार्लमेंटात बसलेले दोघं. रग्बी नावाच्या खेळात नाक मोडून घेतलेला एक. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, काचेवर चित्रं काढणारा एक. गाणारी एक बाई, जिच्या आवाजानं म्हणे दिव्याच्या काचा थरथरायच्या. प्रत्येकाच्या जन्माची तारीख, मरणाची तारीख, पदव्या, पदकं. वाचता वाचता मास्तरांचा आवाज चढत गेला, जणू शाळेचं स्नेहसंमेलन चाललं आहे. भाकरी थापणाऱ्या द्वारकाबाईंचा हात थांबला.

एक्केचाळिसावं नाव झालं. मास्तरांनी वही मिटली.

“आणखी एक पान होतं ना?” बाबा म्हणाले.

“ते... रिकामं आहे.”

“वर काहीतरी लिहिलंय.”

“जन्मतारीख आहे फक्त.”

“कुणाची?”

मास्तरांचे कान लाल झाले.

“माझी.”

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि घाईनं भाकरी उलटली.

बाबा हसले नाहीत. वही घेतली, हातात तोलल्यासारखी केली आणि मास्तरांच्या मांडीवर परत ठेवली.

“घेऊन जा.”

“म्हणजे?”

“दुसऱ्याची वस्तू इथं ठेवून घेत नाही मी.”

“दुसऱ्याची?” मास्तर उसळलेच. “अहो बाबा, अकरा वर्षं! परदेशात पत्रं पाठवली मी, पदरमोड करून! डोळे गेले माझे!”

“लिहिलीस तू. खरंय. पण ही माणसं तुझी का?”

“माझ्याच आडनावाची आहेत.”

“तुला ओळखतात?”

“बरीचशी वारली आहेत.”

“जी जिवंत आहेत ती?”

मास्तरांनी वहीवरून हात फिरवला. एका बाईंचं उत्तर आलं होतं, तेही सात वर्षांपूर्वी. आपलं नातं असल्याचं दिसत नाही, पण आपल्या कार्याला शुभेच्छा, एवढंच. ते पत्रही मास्तरांनी वहीत चिकटवून ठेवलं होतं.

“मास्तर,” बाबा सावकाश म्हणाले, “या तालुक्यात गभाले किती असतील?”

“असतील शे-दीडशे घरं.”

“त्यातला एक गभाले परवा घोटीत पकडला. दुसऱ्याच्या कोंबड्या होत्या पिशवीत... त्याचं काय करू? माझ्या वहीत घालू?”

“छे! त्याचा तुमचा काय संबंध?”

“हां,” बाबा म्हणाले.

...

मास्तरांना ते लागलं, चांगलंच लागलं. भर वर्गात पोरांसमोर छडी खाल्ल्यासारखं. वही काखेत मारली आणि दारात बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागले. गेलं उडत! राहायचंच नाही इथं. ज्याला पार्लमेंट म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याच्यापुढं हे सगळं वाचलं, हीच आपली चूक. पण घरी जाऊन करायचं काय, हा विचार आला आणि नाडीची गाठ काही बसेना.

“चहा टाकलाय, घेऊन जा मास्तर,” द्वारकाबाई म्हणाल्या. “उपाशीपोटी रागावू नये माणसानं, पित्त होतं.”

मास्तरांनी चहा घेतला. न घेऊन सांगतात कुणाला? एक पाय बुटात, एक बाहेर, असे बसून पिऊ लागले.

“इगतपुरीत प्रॉथरो आले कसे?” बाबांनी विचारलं. सहज विचारल्यासारखं.

“आजोबांमुळं. आर्थर प्रॉथरो. रेल्वेत होते.”

“ते कितवे?”

“कितवे म्हणजे?”

“वहीत.”

“वहीत नाहीत ते.”

“का रे?”

“लिहिण्यासारखं काही नाही हो.” मास्तरांनी खांदे उडवले. “ब्रेकवाले होते साधे.”

बाबांचा कप ओठांपर्यंत गेला होता, तिथंच थांबला.

“कुठं?”

“इथंच. खाली उतरणाऱ्या गाड्यांवर. मेल असो, मालगाडी असो. त्या काळी हातानं चाक फिरवून ब्रेक आवळायचे ना, ते काम.”

“या घाटात?”

“या घाटात.”

“किती वर्षं?”

“चौतीस.”

बाबांनी कप खाली ठेवला.

“गाडी हातची सुटली कधी?”

“नाही.”

“डबा घसरला?”

“नाही.”

“माणूस गेलं एखादं?”

“अहो नाही! एकसुद्धा नाही!” मास्तर वैतागून म्हणाले. “तेच तर सांगतोय. काही झालंच नाही. चौतीस वर्षांत काहीच झालं नाही, मग लिहिणार काय? कुठं काही घडलं असतं, पेपरात नाव आलं असतं, तर...”

आणि ते थांबले. स्वतःच बोललेलं त्यांना ऐकू आलं.

...

गार्डबाबा उठत होते.

एक हात जमिनीवर, एक हात खांबाला. बाबांचे गुडघे कधीच कामातून गेले होते. कलेक्टर आले तेव्हा उठले नव्हते, आमदार आले तेव्हा उठले नव्हते. दोघांनाही बसल्या जागेवरून “गुडघे” एवढाच शब्द सांगितला होता.

“बाबा!” द्वारकाबाई पीठभरल्या हातानं धावल्या. “अहो, काय करताय? पडाल!”

बाबांनी मानेनंच नको म्हटलं. खांब धरून उभे राहिले, मग खांबही सोडला. पाठ सरळ केली, दोन्ही हात बाजूला घेतले. अंगावर फाटकी बंडी होती, पण फलाटावर गार्ड उभा राहतो तसे ते उभे होते. पाय लटलट कापत होते.

मास्तरांचा चहा हातातच निवला.

“तुम्ही... ओळखत होतात त्यांना?”

“नाही.”

“मग?”

“घाट ओळखतो.”

...

मास्तर दाराच्या चौकटीला टेकले.

किती वर्षांनी त्यांना ते दिसलं! आजोबा, डेन्झिल आणि नाशिकहून मुंबईला जाणारी गाडी. आजोबा तेव्हा पेन्शनीत निघालेले, रीतसर तिकीट काढून बसलेले. सगळा डबा पेंगत होता. घाट लागला आणि म्हाताऱ्यानं बूट काढले, अनवाणी पाय डब्याच्या तळाला घट्ट लावले, मुठी आवळल्या. घाट संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. शेजारच्या बाकावर कुणाचं तरी लेकरू आईच्या मांडीवर झोपलं होतं, त्याच्याकडे अधूनमधून बघायचा. सात वर्षांचा डेन्झिल हसला होता. घरी येऊन आजोबांची नक्कलसुद्धा करून दाखवली होती, आणि सगळे हसले होते. आजोबाही हसले होते.

घाट उतरताना गाडी स्वतःच्याच वजनानं धावायला बघते. ब्रेक जास्त आवळला तर चाकं घसरतात, कमी आवळला तर गाडी गेलीच. मधलं काय ते फक्त हाताला कळतं. हे सगळं आजोबांनीच कधीतरी नातवाला सांगितलं होतं. नातवानं ऐकून सोडून दिलं होतं.

“बाबा, बसा तुम्ही,” मास्तर म्हणाले. “पाया पडतो, बसा.”

“तू लिही आधी.”

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. टोपण गडगडत चुलीपाशी गेलं, त्यांनी बघितलंही नाही. वही उघडली. बेचाळिसावं पान काढलं. वरची जन्मतारीख खोडली, कागद फाटेल इतक्या जोरानं खोडली. आणि खाली लिहिलं.

“वाच,” बाबा म्हणाले.

“आर्थर प्रॉथरो,” मास्तर वाचू लागले. “ब्रेकवाले. घाटात चौतीस वर्षं.” मग मान वर केली, आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात शेवटचं वाक्य वाचलं.

“काहीही झालं नाही!”

“वा!” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. “किती लेकरं सुखानं झोपली असतील हो त्या माणसाच्या जिवावर!”

मग बाबा खाली बसले. द्वारकाबाईंनी धरून बसवलं.

मास्तर मात्र उभेच होते. छाती भरून आली होती, अंगात बळ आलं होतं. पंचवीस वर्षांचा तरुण वाटत होता माणूस. असा अभिमान त्यांना एक्केचाळीस नावं लिहून कधी वाटला नव्हता. तो अभिमान नुसता डोक्यात होता, हा अंगभर होता. आर्थर प्रॉथरो नावाचा हा माणूस त्यांना खांद्यावर घेऊन फिरला होता, त्याच्या तळहाताचे घट्टे त्यांच्या गालाला लागले होते!

“बाबा, मूर्ख होतो मी. घरात सोनं असून गावभर भीक मागत फिरलो. पण आता बघा! आता नीट लिहितो. जुने रेल्वेवाले गाठतो, एकेकाला विचारतो. शाळेत वाचून दाखवतो. प्रॉथरो म्हणजे कोण ते कळू दे या गावाला!”

त्यांनी वही दोन्ही हातांनी छातीशी धरली, एखादं लेकरू धरावं तशी.

“आता कुणी लाख रुपये दिले तरी ही हातातून सुटायची नाही.”

“एवढी आवडली?”

“आवडली काय, बाबा! जीव आहे हा माझा.”

“मग झाली तुझी?”

“माझी! अगदी माझी!”

गार्डबाबांचा चेहरा उजळला. फार दिवसांनी घरचं माणूस आल्यासारखे ते मास्तरांकडे बघत राहिले. मग त्यांनी दाराबाहेरच्या दगडाकडे बोट दाखवलं.

“आता ठेव.”